उजाडेपर्यंत आइतवार

कूलरच्या ताट्या बदलायला काढल्या की मला जावा आठवते. आठवणींचंही नशीब असतं बघा. नवतपा लागला की लोकांना कैरीचं पन्हं आठवतं, गच्चीवर टाकलेल्या गाद्या आठवतात, मामाच्या गावची विहीर आठवते. मला आठवतो लॅपटॉपच्या पडद्यावरचा लाल रंग.

परवा नवतपा लागला. सूर्य रोहिणीत शिरला की पुढचे नऊ दिवस वर्ध्यात उन्हाशी कुणी वाद घालत नाही. दहानंतर नालवाडीच्या आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेही कुणाच्या तरी गाडीखाली जाऊन पडतं. मी नव्या ताट्या टबात भिजत घातल्या, ओल्या खसाचा वास घरभर झाला, आणि त्या वासाबरोबर मागच्या वर्षीचे ते दिवस जसेच्या तसे येऊन उभे राहिले. खरं तर हा वास थंडाव्याचा. माझ्या तळहातांना मात्र घाम फुटला.

मी सॉफ्टवेअर लिहिते. कंपनी पुण्याची, मी नालवाडीची. रुग्णालयात कुठल्या पलंगावरच्या पेशंटला आज कोणती औषधं द्यायची, हे नर्सला टॅबवर दिसावं, असं ते काम. मी घरी बसून काम करते ते हौसेनं नाही. त्याच्या आदल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, सगळ्यावरून वारं गेलं. आई जाऊन खूप वर्षं झाली, भावंडं नाहीत. मी पुण्याची खोली सोडली, पुस्तकं आणि लॅपटॉप घेऊन घरी आले आणि कंपनीला म्हटलं, इथून काम करू द्या. त्यांनी करू दिलं. उपकार केल्यासारखं का होईना, पण करू दिलं.

उन्हाळ्यापर्यंत बाबा बोलायला लागले होते. शब्द जरा ओले यायचे, पण यायचे. आणि ते चालायला लागले होते, ते एका कासऱ्याच्या जोरावर. गिरडकडचं शेत चुलतभावाला करायला दिलं तेव्हा बैलांचा तो कासरा बाबांनी सोबत आणला होता. का आणला, विचारलं तर म्हणाले, "राहू दे, लागते." लागलाच. घराच्या दाराच्या कडीपासून फाटकाजवळच्या कडुनिंबापर्यंत आम्ही तो कमरेच्या उंचीला ताणून बांधला. बाबा डाव्या हातानं कासरा धरायचे आणि एकेक पाऊल टाकत निंबापर्यंत जायचे. निंबाला हात लावायचे आणि परत फिरायचे. दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडता पडता स्वतःच सावरले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू शर्यत मारली.

अशात पुण्याहून नवा हुकूम आला.

आमचा टीम लीड अद्वैत. माझ्याहून लहानच असेल, बोलायला गोड, पण गोड बोलून माणूस कोपऱ्यात कसा घ्यावा हे त्याला बरोबर जमतं. त्यानं सगळ्यांना कॉलवर घेऊन सांगितलं, "आता टेस्टिंग कंटेनरवर होणार. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर सगळा सेटअप करायचा. सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या तरच कोड पाठवायचा. महिनाअखेरपर्यंत ज्यांच्या मशीनवर हे जमणार नाही, त्यांनी ऑफिसला यायचं, इथलं मशीन वापरायचं." कॉलवरचे बाकी सगळे ऑफिसातच बसले होते. त्यामुळे ते वाक्य कुणासाठी होतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कंटेनर म्हणजे डबाच म्हणा. पूर्वी आम्ही सगळे एकाच डेटाबेसवर टेस्ट चालवायचो. एकानं त्यात काहीतरी सांडून ठेवायचं आणि दुसऱ्याच्या टेस्ट नापास व्हायच्या, हे रोजचं. आता टेस्ट सुरू झाली की आपल्याच लॅपटॉपच्या आत एक बंद डबा तयार होणार, त्यात कोराकरकरीत डेटाबेस उभा राहणार, टेस्ट त्याच्यावर चालणार, आणि संपली की डबा मोडून टाकायचा. कुणाचं उष्टं कुणाच्या ताटात नाही. मला ही कल्पना फार आवडली होती. मी तर मनात म्हटलं, चार दिवसांचं काम आहे.

कशाचं काय. माझ्या लॅपटॉपवर जावा, म्हणजे आमची प्रोग्रामची भाषा, दोन. एक कॉलेजपासूनची जुनी, एक मी नवी टाकलेली. टेस्ट चालवायला गेलं की जुनीच पुढे यायची, लग्नात न बोलावलेल्या आत्यासारखी. तिला काढून टाकलं तर दुसरंच काहीतरी बंद पडलं. मग कळलं, डबे चालायला लॅपटॉपच्या पोटातली एक सोय चालू असावी लागते, ती माझ्याकडे बंद होती. मग मेमरी अपुरी. डबा उभा राहिला की बाकी सगळं आडवं. मग डेटाबेसचा साचा इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, तो चांगला वजनदार, आणि निम्मा उतरला की आमच्याकडची लाइन, म्हणजे वीज, जाणार. लाइन आली की पुन्हा पहिल्यापासून. अद्वैतला सांगावं तर तो म्हणायचा, "ऑफिसचं नेट वापरून बघ ना." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

शिवाय ऊन. दुपारी कूलरची मोटर सुरू झाली की घरातले दिवे मंद व्हायचे. लॅपटॉप इतका तापायचा की हात ठेववत नसे. मी परात उलटी घालून तिच्यावर लॅपटॉप ठेवायची, तेवढीच खालची उष्णता परातीत जायची. तरी भर दुपारी तो आपोआप बंद पडायचा. बाबा पलंगावरून बघायचे आणि म्हणायचे, "त्याले पाणी पाज जराकसं." मला हसू यायचं नाही. मी मनात पुण्यातल्या खोल्यांची भाडी, लिफ्ट, जिने असं सगळं मोजून पाहत असायची.

शेवटी मी सगळ्या वर्ध्यानं जे केलं असतं तेच केलं. पहाटे चारला उठायला लागले. नवतपात आमच्याकडे दिवसाचं खरं काम पहाटेच होतं. चारला गल्लीत दिवे लागतात. नळाला पाणी येतं, कूलरच्या टाक्या भरतात. शेजारच्या वंदनाकाकूंच्या घरी भिंतीवरच्या बुद्धासमोर उदबत्ती लागते आणि लगेच कुरडयांचा चीक शिजायला बसतो, कारण ऊन वर यायच्या आत कुरडया गच्चीवर पडल्या पाहिजेत. आणि बाबा तर जन्माचे पहाटेचेच. ते जागेच असायचे. मी त्यांना तोंड धुवायला पाणी द्यायची, पाठीला उशी लावायची, आणि परातीवर लॅपटॉप मांडून बसायची. वारा गार, लाइन पक्की, नेट मोकळं. आठ वाजता बाबांचा व्यायाम सुरू व्हायचा, त्याआधी जेवढं होईल तेवढं.

आणि पहाटेच्या त्या गारव्यात एकेक गोष्ट खरंच जुळत गेली. नवी जावा पुढे आली. साचा उतरला. एका पहाटे पहिला डबा उभा राहिला तेव्हा मी टाळी वाजवली. बाबांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं, बाबा!" आणि मग टेस्ट चालवल्या. पास झालेल्या टेस्टच्या हिरव्या रेघा शेकड्यांनी सरसर खाली गेल्या आणि शेवटी थोड्याशा नापास, लाल उरल्या. त्या थोड्याशा लालनी माझा जीव खाल्ला.

गंमत बघा. मी चहा करून येऊन, घरातलं थोडं आवरून पुन्हा चालवल्या, तर सगळ्या हिरव्या! काही न बदलता. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा लाल. नंतर पुन्हा हिरव्या. दुपारी लॅपटॉप तव्यासारखा तापलेला असताना चालवून पाहिल्या, तरी हिरव्या. सगळं जग उन्हात नापास होतं आणि गारव्यात पास होतं, माझ्या टेस्ट उन्हात पास आणि गारव्यात नापास. मला वाटलं, पहिल्या वेळी डबा उभा राहायला उशीर लागत असेल. मी थांबायची मुदत वाढवली. लाल. मेमरी वाढवली. लाल. रात्रभर लॅपटॉप बंदच केला नाही, गरम राहू दिला. तरी पहाटे लाल.

लाल ओळीत लिहिलेलं असायचं इतकंच, की अपेक्षित तीन, मिळाले शून्य. एका खोट्या पेशंटच्या नावावर आजचे तीन डोस लिहायचे आणि मग डेटाबेसला विचारायचं, आजचे डोस किती? तो म्हणायचा, शून्य. आत्ता लिहिलेत की रे, तुझ्या समोर लिहिलेत! शून्य.

दहाच्या कॉलवर अद्वैत विचारायचा. मी सांगायची, पहिल्यांदा लाल येतं, मग हिरवं. तो म्हणायचा, "इथे कुणालाच येत नाही. तुझ्या मशीनचाच काहीतरी घोळ आहे. मला दाखव." मी दाखवायची, तर सगळं हिरवंगार. कॉलवर कुणीतरी फिसकन हसायचं. एकदा तो गोड आवाजात म्हणाला, "हे बघ, कधी लाल, कधी हिरवं, अशा मशीनवर भरवसा कसा ठेवायचा? तू जूनपासून इकडेच का येत नाहीस? बाबांनाही घेऊन ये." मी कॅमेरा बंद केला. माझे डोळे भरले होते आणि ते त्याला बघू द्यायचे नव्हते.

बाबांना घेऊन ये! वंदनाकाकू कुरडयांचं ताट द्यायला आल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. काकू मुलीसारखा जीव लावतात, पण बोलताना हातचं राखत नाहीत. "तिसऱ्या माळ्यावर कोंडशीन का बापाले?" त्या म्हणाल्या. "इथं कासरा धरून चालून राह्यला बिचारा. तिथं कुठं बांधशीन, लिफ्टले?"

"मग काय करू, काकू? नोकरी सोडू?"

"सोड नाई म्हणत मी. पन त्या डब्याचं काय ते पाह्य नीट. एवढी शिकली हायस ना?"

शिकले होते म्हणूनच तर सुचत नव्हतं. संध्याकाळी बाबा निंबापर्यंत गेले, निंबाला पाठ टेकून उभे राहिले. त्यांनी काकूंचं बोलणं ऐकलं असावं. "पुण्याले," त्यांनी सावकाश विचारलं, "निंबाचं झाड राह्यते का?" मी म्हटलं, राहते की, बाबा, पुष्कळ राहतात. त्यांनी मान हलवली. पण परत फिरताना कासरा नेहमीपेक्षा घट्ट धरला होता, हाताच्या शिरा दिसत होत्या.

महिना संपत आला होता. रात्री मी पुण्याच्या खोल्या बघायला सुरुवात केली होती. मला त्या दिवसांत कशाचाच राग आवरत नव्हता, आणि त्यात सोमवारची गोळी.

बाबांना बाकी औषधं रोजची, पण एक गोळी आठवड्याची. दर सोमवारी सकाळी, उपाशीपोटी, चहाच्या आधी. मी चारला उठायची, तेव्हाच ती देऊन टाकली की मी कामाला मोकळी. पण बाबा चार वाजता ती घ्यायचे नाहीत. ओठ घट्ट मिटून घ्यायचे. म्हणायचे, "आज आइतवार हाय."

"बाबा, रविवार काल झाला."

"उजाडलं कुठं अजून? उजाडल्यावर सोमवार लागते."

दर सोमवारी हीच झकाझकी. मला ते नवं नव्हतं म्हणा. बाबांचा वार आयुष्यभर उजेडानंच बदलत आला. मी लहान असताना उन्हाळ्यात आम्ही शेतावरच झोपायचो. गिरडची टेकडी तिथून दिसायची. वखरणीच्या दिवसांत बाबा अंधारातच बैल जुंपायचे, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा दूर जाताना ऐकायची. शनिवारी बाबांचा उपास असायचा. रविवारी पहाटे आईनं चुलीवर चहा ठेवला तरी ते प्यायचे नाहीत. वखराचं तास संपवून बांधावर यायचे, टेकडीकडे बघायचे. वर दर्ग्याच्या घुमटाला ऊन लागलं की म्हणायचे, "लागला आइतवार. आण आता चहा." तोपर्यंत तो चहा दोनदा गरम झालेला असायचा. आई कधी चिडली नाही. ती चुलीजवळ बसून वाट बघायची, एवढंच मला आठवतं.

मी मात्र चिडायची. ती माझ्या मुदतीतली शेवटची सोमवारची पहाट होती. मी टेस्ट चालू करून दिल्या आणि गोळी, पाणी घेऊन बाबांच्या पलंगावर बसले. बाबांनी ओठ मिटले.

"बाबा, आज त्रास नका देऊ. मले लय काम हाय."

"आइतवारी सोमवारची गोळी काऊन घेऊ मी?"

मी मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "पाहा! वाचा! काय लिहिलं हाय? सोमवार लिहिलं हाय का नाई? रात्री बारालेच दिवस बदलते, बाबा. साऱ्या जगाचा बदलते!" माझा आवाज चढला होता. बाहेर काकूंच्या घरची पळी थांबली.

बाबांनी मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते मुळीच चिडले नाहीत. "तुह्या मोबाइलनं सूर्य पाह्यला का?" ते म्हणाले. "त्याचा सोमवार लागला असंन. माहा नाई लागला."

मी उठले. आता काही बोलले असते तर वाईट बोलले असते, म्हणून लॅपटॉपपाशी येऊन बसले. पडदा लाल. अपेक्षित तीन, मिळाले शून्य. आजचे डोस किती? शून्य. मी त्या ओळीकडे बघत बसले होते, आणि मागून बाबा पुटपुटत होते, स्वतःशीच, "आइतवारी सोमवारची गोळी मांगून राह्यली..."

मी ती ओळ पुन्हा वाचली. आजचे डोस. पण कुणाचा आज?

मी एक डबा उघडा ठेवला आणि त्याच्यातल्या डेटाबेसला एकच गोष्ट विचारली, जी मी इतक्या दिवसांत एकदाही विचारली नव्हती. म्हटलं, आज तारीख काय?

त्यानं कालची सांगितली. डब्यातसुद्धा अजून आइतवारच होता.

काखेत कळसा म्हणतात तो हा. डबा कोराकरकरीत, म्हणजे त्याला गावही नाही आणि देशही नाही. त्याचं घड्याळ जगाच्या प्रमाण वेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे मध्यरात्री तारीख बदलते, त्याच्याकडे ती आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. टेस्ट माझ्या लॅपटॉपचं घड्याळ बघून सोमवारचे डोस लिहायची, डेटाबेस आपलं घड्याळ बघून रविवारचे शोधायचा. त्याला सापडणार काय? पुण्यात दहाला ऑफिस भरतं, तोवर दोन्ही घड्याळांत एकच वार झालेला असतो. तिथं लाल दिसायचं कारणच नव्हतं. चारला उठून परातीवर लॅपटॉप मांडणारी मी एकटी.

आणि आमच्याकडे नवतपात सूर्य उगवतो कधी? साडेपाचच्याच सुमाराला.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर हाय. आइतवारच हाय अजून." त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, खुर्ची दाराशी ओढली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर बसले. गोळी माझ्या मुठीत. आम्ही वाट बघत बसलो. निंब आधी काळा होता, मग राखाडी झाला, मग त्याची पानं वेगवेगळी दिसायला लागली. हेही चुकलं तर काही उरलं नव्हतं. समोरच्या पाण्याच्या टाकीच्या माथ्याला पिवळा उजेड लागला. बाबा म्हणाले, "लागला सोमवार." मी टेस्ट चालवल्या.

हिरव्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरव्या.

मी बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. बाबांनी डाव्या हातानं माझे केस विस्कटले आणि म्हणाले, "गोळी दे ना मंग." काकू कुंपणावरून डोकावल्या, त्यांच्या हातात चिकाची पळी तशीच. "काय झालं वो पोट्टीले?" बाबा म्हणाले, "काई नाई. सोमवार लागला."

अद्वैतला मी उन्हं वर यायच्या आत फोन केला. तो झोपेतून उठला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण साडेपाचच्या आधी काम करतं कोण?"

"आमच्याकडे सगळेच," मी म्हटलं. "आणि रुग्णालयातल्या नर्स."

मग त्यानं स्वतःच्या लॅपटॉपचं घड्याळ पहाटे चारवर नेलं आणि टेस्ट चालवल्या. मला त्याच्या कळफलकाचा आवाज ऐकू येत होता. "अरे बापरे," तो हळूच म्हणाला. रुग्णालयाच्या खऱ्या डेटाबेसचं घड्याळही तसंच मागे होतं. आमचं सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात सुरू व्हायचं होतं, आणि रात्रपाळीच्या नर्सनं पहाटे टॅब उघडला असता तर तिला कालची औषधं दिसली असती. त्यानं त्या दिवसापुरता गोडवा बाजूला ठेवला आणि सरळ म्हणाला, "थँक यू. आणि तू तिथेच राहा. पहाटेच्या टेस्ट तूच चालवत जा." मी फोन ठेवला आणि पहिली गोष्ट केली ती ही, की कासऱ्याची सैल झालेली गाठ सोडून पुन्हा आवळून बांधली.

घड्याळ दुरुस्त केलं तेही मीच. डबा असो की खरा डेटाबेस, सुरू होतानाच त्याला सांगायचं, की बाबा रे, तू भारतात आहेस. एका ओळीचं काम. तेव्हापासून डब्यातही मध्यरात्री तारीख बदलते, पहाटे चारलासुद्धा सगळं हिरवं असतं. ती ओळ लिहिताना मला फार अभिमान वाटला होता. आता कधीकधी ती ओळ डोळ्यांसमोरून गेली की उगाच चुकचुकल्यासारखं होतं.

कारण ह्या हिवाळ्यात बाबांना दुसरा झटका आला. पहिल्याएवढा मोठा नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. कासरा अजून दारापासून निंबापर्यंत तसाच बांधलेला आहे, त्याच्यावर काकू आता टॉवेल वाळत घालतात, मला विचारून. बाबा बोलत नाहीत. ओळखतात की नाही हे कळत नाही. मी ओळखतात असं धरून चालते. दूध पाजलं तर पितात, कूस बदलली तर तशीच राहते. वार कोणता, हे विचारत नाहीत. सोमवारची गोळी मी पहाटे चारला देते आणि ते घेतात. भांडत नाहीत. किती सोपं झालं आहे सगळं, आणि मला ते सोसत नाही.

आज सोमवार. चारला उठले. गल्लीत दिवे लागले होते, चिकाचा वास येत होता, भिजलेल्या ताट्यांतून गार वारा घरात शिरत होता. लॅपटॉप परातीवर मांडला. टेस्ट चालू केल्या आणि त्या सरळ हिरव्या होत खाली गेल्या. गोळी, पाणी घेऊन पलंगावर बसले. म्हटलं, "बाबा, सोमवारची गोळी." त्यांनी तोंड उघडलं. लहान मूल उघडतं तसं, पुरतं.

माझा हात अर्ध्यावरच थांबला. आई आठवली, चुलीजवळ बसलेली.

"नाई, बाबा," मी म्हटलं. "चुकलं माहं. उजाडलं कुठं अजून? आइतवारच हाय."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड मिटलं. ओठ घट्ट, मागच्या वर्षी मिटायचे तसेच.

मी गोळी मुठीत ठेवली, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि खिडकी उघडून त्यांच्याजवळ बसले. निंब अजून काळाच होता.